पुढच्या भिंतीची ओल

अक्का, आमच्या बिल्डिंगच्या बाहेरच्या भिंतीला फोड आले आहेत. मी हल्ली मुलाकडे राहते, आपल्याच शहराच्या टोकाला, एचएसआर लेआउटमध्ये. तू होतीस तेव्हा या बाजूला नाचणीची शेतं होती आणि तळ्यात म्हशी डुंबायच्या. आता सगळीकडे उंच इमारती आहेत आणि त्यांना बाहेरून एक जाड, रवाळ, रबरासारखा रंग फासतात. टेक्स्चर म्हणतात त्याला. लांबून दगडी भिंत वाटते. पावसाळा सरत आला की त्या रंगाच्या आत पाणी धरतं आणि ठिकठिकाणी फुगे येतात. बोटानं दाबलं की आतलं पाणी इकडून तिकडे हलतं. परवा रविवारी खाली पार्किंगमध्ये सगळ्यांची मीटिंग होती, तेव्हा एका गृहस्थांनी छत्रीचं टोक एका फुग्यात खुपसलं आणि त्यातून तपकिरी पाणी बराच वेळ वाहत राहिलं. मग जो तो बोलायला लागला. बिल्डर, रंगारी, सोसायटीचे सेक्रेटरी, वरच्या मजल्यावर कुंड्या ठेवणारे, कुणालाच सोडलं नाही. तिसऱ्या मजल्यावरची एक मुलगी आहे, पुण्याहून आलेली, तिच्या खोलीतली भिंत आतून काळी पडलीय. ती मुलाला कडेवर घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "याला रोज वाफ द्यावी लागते. मला बाकी काही नको. चूक नक्की कुणाची, तेवढं सांगा. एक नाव द्या मला फक्त." मी खुर्चीवरून उठले आणि वर निघून आले. माझा मुलगा विचारत होता, आई, बरं वाटत नाही का. मी म्हटलं, काही नाही, स्वल्प पाय दुखतात.

एक नाव द्या. तुझा आवाजच ऐकला मी त्या दिवशी.

तुला आम्ही आई कधी म्हटलंच नाही. मामा तुला अक्का म्हणायचा म्हणून दादा अक्का म्हणायला लागला आणि दादाचं ऐकून मी. वडील अण्णा, तू अक्का. शाळेतल्या मुली हसायच्या, तुझी आई तुझी बहीण आहे का म्हणून. तेव्हा आपण बळेपेटेत राहायचो, मागच्या दोन खोल्यांत, जिथं दुपारीही दिवा लावावा लागे. भिंतींना चुना होता, पाठ टेकली की पाठ पांढरी. तुझ्या लुगड्यांवर कायम त्या चुन्याचे पट्टे असायचे आणि बाहेर पडताना तू दारात उभी राहून पदर झटकायचीस. अण्णांना जयनगरात घर बांधायला साइट मिळाली तेव्हा ती पाहायला आपण सगळे बसनं गेलो होतो. तिथं काहीच नव्हतं. लाल माती, खुंट्या, दूर कुठंतरी एकदोन अर्धवट घरं, आणि वारा. अण्णा कागद उलटसुलट करून आपली हद्द शोधत होते. तू चपला काढून बाजूला ठेवल्यास आणि त्या मातीत अनवाणी चालत राहिलीस. मला ते इतकं लख्ख आठवतं, कारण तोपर्यंत मी तुला उन्हात उभी असलेली फारशी पाहिलीच नव्हती.

घर बांधलं काकांनी. अण्णांचे धाकटे भाऊ, सरकारी बांधकामांवर ओव्हरसियर. रोज कचेरी सुटली की चामराजपेटेतल्या आपल्या घरी न जाता ते सायकलनं तडक साइटवर यायचे, आणि रविवारी तर सकाळपासूनच. त्यांना मूलबाळ नव्हतं. दादा त्यांचा जीव की प्राण. सायकल त्यांनीच शिकवली त्याला, पोहणं त्यांनीच. दादाची छाती लहानपणापासून नाजूक, धूळ उडाली की शिट्टीसारखा आवाज यायचा, म्हणून काका त्याला सिमेंटच्या गोण्यांपासून लांब बसवायचे आणि तिथूनच ओरडून हिशेब विचारायचे, किती घमेली वाळू, किती सिमेंट. दादाला ते काम फार महत्त्वाचं वाटायचं.

घराचं तोंड कसं असावं हे मात्र तू ठरवलंस. दंडूच्या बाजूला, म्हणजे कँटोन्मेंटात, कुठल्याशा बंगल्याला तू राखाडी, खरबरीत भिंत पाहिली होतीस. वाळू-सिमेंटात बारीक खडी कालवायची आणि थापीनं ती भिंतीवर फेकायची, मग ती तशीच चिकटून वाळते. त्याला रफकास्ट म्हणत. काकांना ते पसंत नव्हतं. मला आठवतं, आपण विटांच्या ढिगावर बसून डब्यातलं चित्रान्न खात होतो आणि ते म्हणाले, "वहिनी, विटा मातीत बसवल्यात. त्यावर चुन्याचाच गिलावा बरा. चुन्यातून भिंत वाळत राहते. सिमेंट आत शिरलेलं पाणी बाहेर सोडत नाही."

"चुना नको," तू म्हणालीस. "जन्मभर अंगावर चुना घेऊन फिरले मी. भावजी, मला एक भिंत अशी द्या की हात लावला तर हात कोरा राहील."

काका हसले. "सरी, तसंच करू. तुमचं घर, तुमची भिंत."

आणि खिडक्यांवरचे छज्जेही तू आखूड करून घेतलेस, पुढून घर सपाट, नवं दिसावं म्हणून. काकांनी तेही केलं. उन्हाळ्यात गिलावा झाला, भर वैशाखात, कारण त्यांना रजा तेव्हाच मिळाली. पहिली थाप त्यांनी स्वतःच्या हातानं फेकली आणि ती थेट अण्णांच्या धोतरावर उडाली. सगळे हसलो, अण्णासुद्धा. नंतर कित्येक दिवस सकाळ-संध्याकाळ भिंतीला पाणी मारायचं काम माझ्याकडे आणि दादाकडे होतं. ऊन इतकं असे की पाणी टाकेस्तोवर वाळे. गरम भिंतीतून येणारा तो वास मला अजून आवडतो, अक्का. इतकं सगळं झाल्यावरही आवडतो.

गृहप्रवेशाच्या दिवशीची एक गोष्ट मी तुझ्याशी कधी बोलले नाही. जेवणं चालली होती. तू आणि काकू पुरणाच्या होळिगे वाढत होतात, तुझ्या कपाळावर घाम, हातात तुपाचं भांडं. काका हात धुऊन स्वयंपाकघराच्या दारात आले आणि म्हणाले, "वहिनी, एक सांगून ठेवतो. बाग कराल ती भिंतीपासून सुटी करा. जोत्याच्या वर माती चढू देऊ नका." तेवढ्यात पंगतीतून कुणीतरी मीठ मागितलं. तू "हो हो, सरी" म्हणालीस आणि मीठ घेऊन गेलीस. मी चुलीशेजारी केळीची पानं पुसत बसले होते. तू ऐकलंस का, की नुसतंच हो म्हणालीस, हे मला त्या वेळी कळलं नाही आणि आजही माहीत नाही. त्या दिवशी तुला शंभर जण शंभर गोष्टी सांगत होते.

पुढच्याच महिन्यात तू माती आणवलीस. गाडीवानानं भिंतीलगत ढीग घातला आणि तू तो स्वतः पसरलास, विटा तिरप्या रोवून कड केलीस. वाफा जोत्याच्या वर गेला, खिडकीखाली तर चांगला हातभर. मागे राखाडी भिंत, पुढे मल्लिगे, कनकांबर अशी फुलझाडं, एका टोकाला तुळस. संध्याकाळी तू पितळी घागरीनं पाणी घालायचीस, कुणाला घालू द्यायची नाहीस. शेजारच्या बायका फुलं मागायला यायच्या आणि तू ओंजळी भरून द्यायचीस. बळेपेटेत तुझ्याकडे एक मातीचं कुंडंसुद्धा नव्हतं, ठेवायला ऊनच नव्हतं. त्या दोन वर्षांत तू जितकी हसलीस तितकी नंतर कधी नाही, म्हणून मला त्या वाफ्याबद्दल वाईट लिहायला जड जातं.

भेगा आधीपासूनच होत्या, केसासारख्या, नकाशावरच्या नद्यांसारख्या पसरलेल्या. काका येऊन बोटाच्या पेरानं भिंत वाजवून बघायचे. काही ठिकाणी ठक्क वाजे, काही ठिकाणी पोकळ. "उन्हात केला ना गिलावा, लवकर सुकला. माझीच घाई," असं ते स्वतःच म्हणायचे आणि सिमेंटचं पातळ पाणी करून भेगा बुजवायचे. पुढच्या पावसात त्या तिथंच उघडायच्या. तिसऱ्या वर्षी ओल आत आली. पुढच्या खोलीत, खिडकीखाली, दादाच्या पलंगाच्या उशाशी. आधी रंगाला फुगवटा आला, मग पांढरी बुकणी सुटायला लागली. तू केरसुणीनं झाडायचीस, दुसऱ्या दिवशी परत असायची. लोणा लागला, म्हणायचे लोक. अण्णांनी त्यावर हिरवा ऑइलपेंट मारून घेतला. एक हिवाळाभर भिंत तळ्यासारखी चकाकत राहिली, आणि मग तो रंग पापुद्र्यांनी सुटला आणि त्याच्या मागे काळं दिसलं. खोलीत जुन्या ट्रंकेसारखा वास यायचा. पाहुणे आले की तू उदबत्ती लावायचीस आणि पलंगावरची चादर भिंतीवर ओढून घ्यायचीस.

दादा तेव्हा इंटरला होता. काका म्हणाले, त्याला मधल्या घरात झोपवा. तू झोपवलंस. पण अभ्यासाचं टेबल पुढच्या खोलीत, उजेड तिथं, खिडकीबाहेर तुझी फुलं. तो दोन दिवस मधल्या घरात झोपायचा आणि परत वळकटी घेऊन पुढे जायचा. "अक्का, इथं बरं वाटतं ग," म्हणायचा, आणि ते म्हणताना छातीतून शिट्टी वाजत असायची. त्या वर्षी पाऊस लांबला. रोज दुपारी आभाळ भरून यायचं आणि संध्याकाळी कोसळायचं. डॉक्टर घरी आले, त्यांनी दादाची पाठ तपासली, मग मान वळवून भिंतीकडे बघितलं. म्हणाले, ही ओल याला चांगली नाही. ते आणखीही बरंच बोलले. याच्या आजोबांनाही दमा होता ना, हे आनुवंशिक असतं, छाती मुळातच कमजोर आहे. पण तू त्या पहिल्या वाक्याशीच थांबली होतीस. मी तुझ्याकडे बघत होते. तुझे डोळे भिंतीवरून हलले नाहीत.

शेवटी दादाला हॉस्पिटलात ठेवलं आणि तिथंच तो गेला, सकाळी, चहाच्या वेळेला. अण्णा आणि काका जवळ होते. तू घरी त्याच्यासाठी मऊ भात शिजवत होतीस. काका आधी आले, सायकल फाटकाला टेकवली आणि आतच येईनात. फाटकाशी उभे राहून रफकास्टवरून हात फिरवत राहिले. तू बाहेर आलीस, त्यांच्या तोंडाकडे बघितलंस, आणि परत आत जाऊन चुलीवरून भात उतरवलास. तेवढंच आठवतं मला. तू रडलीस ते कधी, ते आठवत नाही.

तेराव्याला घर भरलं होतं. भटजी निघाले होते, माणसं पानावरून उठत होती. काका अण्णांशी हळू आवाजात बोलत होते की पाऊस उघडला की पुढचा गिलावा सगळा काढून टाकू. तू ते ऐकलंस. पदर खोचून तू बैठकीत आलीस, सगळ्यांच्या मधे, आणि म्हणालीस, "आता काढताय? आता काय उरलंय त्या खोलीत? भावजी, तुम्ही बांधलेल्या भिंतीनं माझा मुलगा नेला. तुम्हाला काम येत नव्हतं तर हात का घातलात?"

काकू म्हणाल्या, "अहो वहिनी, असं काय बोलता..." तेव्हा काकांनी त्यांना हातानं थांबवलं. त्यांनी खाली बघितलं, उपरणं खांद्यावर नीट केलं, आणि म्हणाले, "येतो मी." तू म्हणालीस, "येऊ नका." ते गेले, आणि खरंच आले नाहीत. ज्या माणसानं आपल्या घराची प्रत्येक वीट पाण्यात बुडवून बघितली होती, त्यानं परत आपल्या फाटकात पाय ठेवला नाही.

उन्हाळ्यात तुला मामा बेळगावला घेऊन गेला. तू खात नव्हतीस, म्हणून. तू गेल्यावर अण्णांनी दोन गवंडी बोलावले आणि पुढची भिंत फोडायला सुरुवात केली. मला कॉलेजला सुट्टी होती. खोलीभर धूळ, दादाचा पलंग आधीच मागच्या अंगणात नेलेला. वरचा गिलावा छिन्नी लावावी तिथं लाद्यांसारखा सुटून येत होता, आणि आत विटा कोरड्या होत्या. वरच्या विटा चांगल्या लालजर्द होत्या. खाली खाली येताना रंग गडद होत गेला. वाफ्याजवळ आल्यावर गवंड्यानं वीट हातात धरली तर तिचा भुगा झाला. इतक्या कडक उन्हाळ्यात, कित्येक महिने पाऊस नसताना, ती भिंत ओली होती. शेजारीण तू सांगून गेलीस म्हणून रोज तुझ्या झाडांना पाणी घालत होती ना.

अण्णा वाफ्यात उतरले, हातानं माती उकरायला लागले. मल्लिगेची मुळं भिंतीत शिरली होती, गिलाव्याच्या मागे, विटांच्या सांध्यांत. ओल जिथपर्यंत चढली होती त्याची रेघ भिंतीवर स्पष्ट दिसत होती आणि ती रेघ वाफ्याला धरून चालली होती. जिथं वाफा संपला तिथं रेघही खाली उतरली. वाफ्यापलीकडच्या भागात त्याच सिमेंटाच्या, त्याच भेगा पडलेल्या भिंतीत विटा कोरड्या होत्या. अण्णा उभे राहिले, मातीचे हात तसेच, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हिला सांगू नकोस."

त्याच दिवशी संध्याकाळी ते मला घेऊन चामराजपेटेला गेले. तुला हे माहीत नाही. काका पडवीत बसले होते, अंगात बनियन, खूप वाळलेले. अण्णांनी सगळं सांगितलं. काका ऐकत राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "मला वाटलंच होतं. दर खेपेला वाफा बघत होतो. पण वहिनींना त्या फुलांत बघितलं की तोंडातून शब्द निघायचा नाही. एकदा बोललो होतो, परत बोलायला पाहिजे होतं."

"ती आली की मी सांगतो तिला," अण्णा म्हणाले. "तुझ्यावर हे राहायला नको."

"नको."

"अरे, पण..."

"अण्णा, सांगून काय होईल? आज वहिनी माझ्यावर रागावल्यात. माझ्यावर रागावून का होईना, उठतात, दोन घास खातात, चार माणसांत बोलतात. उद्या त्यांना कळलं तर त्या कुणावर रागावतील? आणि गिलावा मी उन्हात केला, छज्जे मी आखूड केले. भेगा माझ्याच आहेत. ते काही खोटं नाही."

काकू आतून ऐकत होत्या. त्या उंबऱ्यापर्यंत आल्या. "आणि मी? मला लग्नाकार्यात लोक विचारतात, तुमच्या यजमानांनी काय केलं म्हणून. त्या पोराला मीसुद्धा न्हाऊमाखू घातलंय. माझा नव्हता का तो?" काका म्हणाले, "आत जा तू." त्या गेल्या नाहीत. तिथंच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि अण्णा मान खाली घालून बसले. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी मला नेहमीसारखं कुंकू लावलं नाही. मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, त्या घरात तेवढ्या एकट्याच काकू माणसासारख्या वागत होत्या.

तू बेळगावहून आलीस. पुढची भिंत चुन्याची झालेली, पांढरी, आणि तिच्यापुढे सपाट जमीन. तू टांग्यातून उतरलीस, फाटकात उभी राहिलीस. "माझी मल्लिगे?"

"वाळवी लागली होती," अण्णा म्हणाले. "मुळापासून काढावं लागलं."

तू भिंतीपाशी गेलीस, चुन्यावर तळहात टेकलास, तो उलटा करून बघितलास. मग आत येऊन हात धुतलेस. मी वाट बघत होते की तू विचारशील, कुठली वाळवी, कधी लागली, मला का कळवलं नाही. तू किती खोदून विचारायचीस एरवी! दुधात पाणी जास्त वाटलं तरी दूधवाल्याची सात पिढ्यांची चौकशी करणारी तू. त्या दिवशी तू काही विचारलं नाहीस, आणि नंतरही कधी नाही. त्या घरात तू परत जमिनीत काही लावलं नाहीस.

पण काकांबद्दल तू बोलत राहिलीस. शेजारणींशी, माहेरच्यांशी, लग्नांत. माझ्या स्वतःच्या लग्नात काका-काकू मांडवाच्या अगदी मागे बसून अक्षता टाकून निघून गेले, तू त्यांच्याकडे पाठ करून उभी होतीस. अण्णा एकेकदा तोंड उघडायचे आणि मिटायचे. मी बघत होते, त्यांचं बोलणंच कमी होत गेलं. ते तुझ्याशी फक्त भाजी, दूध, नळाचं पाणी एवढंच बोलायचे. एका घरात तिघं जण एकच गोष्ट गिळून बसलो होतो, असं मी आज म्हणते. तिघं म्हणजे अण्णा, मी, आणि कदाचित तू.

काका गेले त्याच्या थोडे दिवस आधी मी त्यांना बघायला गेले होते, तुला न सांगता. जवळ बसले तर त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "भिंत कशी आहे आता?"

"कोरडी आहे, काका."

"पावसातसुद्धा?"

"पावसातसुद्धा."

त्यांनी मान हलवली, एखादं काम पुरं झाल्यासारखी. ते गेल्यावर अण्णा एकटेच गेले. तू घरी होतीस. मी दुसऱ्या दिवशी आले तेव्हा तू सुतक पाळत होतीस, अगदी कडक, दादाच्या वेळी पाळलं होतंस तसं. देवाला हात नाही, ताटात गोड नाही. मागच्या पायरीवर बसून तांदूळ निवडत होतीस. मी शेजारी बसले. तांदळातून बोट फिरवता फिरवता तू विचारलंस, "तू गेली होतीस ना बघायला. काही बोलले का?"

"भिंतीचं विचारत होते. कोरडी आहे का म्हणून."

तुझं बोट थांबलं. मला वाटलं, आता बोलशील. मला वाटलं, मीच बोलावं. घरात अण्णा झोपले होते, बाहेर कुणाचा तरी रेडिओ लागला होता. तू सूप उचललंस आणि आत गेलीस. आणि त्या दिवसानंतर, अक्का, तू त्यांचं नाव घेऊन परत कधी एक शब्द वाईट बोलली नाहीस. चांगलाही बोलली नाहीस. काकू त्यानंतर पुष्कळ वर्षं जगल्या, त्या घरात एकट्या, आणि तू त्यांच्याकडे एकदाही गेली नाहीस. हे मात्र मला अजून सलतं. तुला जर कळलं होतं, तर बसनं थोडं अंतर होतं ते.

तुला कळलं होतं का, हे मी आयुष्यभर मनात घोळवलं. कधी वाटतं, तू चुन्यावर हात टेकलास तेव्हाच कळलं. कधी वाटतं, तुला काकांच्या त्या प्रश्नानं कळलं. कधी वाटतं, काहीच कळलं नाही, नुसती थकलीस. आणि दादाचं तरी काय, अक्का? आजोबांनाही दमा होता. बळेपेटेतल्या त्या अंधाऱ्या खोल्यांतसुद्धा त्याच्या छातीत शिट्टी वाजायची. भिंत कोरडी असती तर तो जगला असता का, हे मला कुणीही सांगू शकत नाही. मला तर वाटतं, एक नाव मिळालं की माणसाला दुसरं काही बघावं लागत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या मुलीला मी हे सांगायला पाहिजे होतं. पण तिच्या कडेवर खोकणारं मूल होतं, आणि म्हाताऱ्या बाईनं मधेच उठून काय सांगायचं?

हे पत्र कुठंच जायचं नाही, हे तुलाही ठाऊक आहे. तरी एक सांगून ठेवते. मी आज सकाळी बसले ती तुला लिहायला बसले नव्हते. मला काकांना लिहायचं होतं. वरती "काका" असं लिहिलंही होतं. मग पुढचं वाक्य सुरू करायचं तर मला आठवेना, मी त्यांना लहानपणी तू म्हणायची की तुम्ही. खूप वेळ आठवून बघितलं. नाहीच आठवलं. शेवटी तो कागद बाजूला ठेवला आणि तुझं नाव लिहिलं.